पायरीवर वाचलेली जाहिरात

एका जाहिरातीपायी अक्कांनी धंदा बंद केला. ज्या बिल्डरची ती जाहिरात होती, त्यानं त्याचा धंदा बंद केलेला नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण अक्कांचा विषय निघाला की लोक हसतात, त्यांच्या दोन तऱ्हा सांगतात, ‘काय बाई होती’ म्हणतात आणि चहा पिऊन उठतात. तऱ्हा मीही सांगणार आहे. पण इतक्यात उठू देणार नाही.

अक्का जाहिरातीचं मॅटर लिहून द्यायच्या. कुठल्या एजन्सीत नव्हत्या, कुणाच्या पगारावर नव्हत्या. उचगावात पिठाच्या गिरणीवर एक खोली, एक टेबल, पंख्यासारखा आवाज करणारा लॅपटॉप आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी : ‘मॅटर लिहून मिळेल. खोटं मिळणार नाही.’ हँडबिलं, फ्लेक्स, पाकिटावरचा मजकूर, अलीकडं फेसबुकच्या पोस्टी आणि रीलमध्ये बोलायची वाक्यं. गूळवाले, चपलेवाले, दवाखाने, क्लासवाले, सगळे तो जिना चढून यायचे आणि अंगावर पीठ घेऊन उतरायचे.

माहेर शिरोळकडचं, जैन शेतकऱ्याचं घर. मनगटावर पुरुषी घड्याळ. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यामुळं ‘संध्याकाळी हॉटेलात बसून बोलू’ म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी कधी घेतलंच नाही. ‘मी उजेडात जेवतो आणि उजेडातच बोलतो,’ त्या सांगायच्या. आमच्याकडं बायका ‘मी येतो, मी जेवतो’ असंच बोलतात. पुण्याचा एक जण फोनवर त्यांना वर्षभर ‘सर’ म्हणत होता. आवाजही तसाच, जाड. अक्कांनी त्याची समजूत शेवटपर्यंत मोडली नाही. म्हणाल्या, ‘सर म्हणतोय तवर वेळेत उत्तर देतोय. मॅडम कळली की ‘बघतो’ म्हणंल.’

कोल्हापुरात लिहिण्याला कुणी काम मानत नाही. फ्लेक्स छापणारा काम करतो, तो टांगणारा काम करतो, त्यावर फोटो असलेला पुढारी तर फारच काम करतो. लिहिणारा काय करतो? ‘दोन वळीच तर हायत मॅडम,’ हे वाक्य मी त्या खोलीत रोज ऐकलं. अक्का खिशातलं पेन काढून त्याच्यापुढं धरायच्या. ‘मग लिव्हा की पावणं. दोनच हायत.’ पावणं पेनाकडं बघायचं, मग गप खुर्चीत बसायचं.

आता त्यांची मुख्य तऱ्हा. मॅटर लिहून झालं की गिऱ्हाइकानं ते स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून मोठ्यानं वाचायचं. स्वतः मालकानं. नोकरानं नाही, पोरानं नाही. अक्का रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायच्या, कानामागं हात धरायच्या आणि ओरडायच्या, ‘हितं ऐकू आलं पायजे.’ ज्या शब्दाला मालकाचा आवाज पडला, तो शब्द मॅटरमधनं काढला जायचा. त्यावर अपील नव्हतं. ज्याला दुकान नाही त्यानं आमच्या गिरणीच्या पायरीवर वाचायचं, गिरणी चालू असताना.

चपलेच्या एका मालकाचं वाचन मी स्वतः बघितलं. माणूस धिप्पाड, आवाज तालमीतला. ‘अस्सल कातडं’ म्हणाला तेव्हा रस्त्यावरची रिक्षा थांबली. पुढं ‘संपूर्ण हातानं शिवलेली’ आलं आणि आवाज एकदम देवळात शिरल्यासारखा झाला.

समोरनं अक्का ओरडल्या, ‘काय म्हणालासा?’

‘सर्दी झालीया मॅडम.’

‘एकाच शब्दाला झालीया काय?’

उसाच्या रसाच्या गाड्यावरची माणसं हसायला लागली. मालक लाल झाला. मग तिथंच, पायरीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘पट्टं हातानं हायत. तळ मशिनवर.’

‘मग तसंच लिव्हू की.’

आणि तसंच लिहिलं. ‘पट्टे हाताने, तळ मशिनवर. पहिला आठवडा चावेल. तेल लावा, मग बघा.’ ती पाटी त्या दुकानावर आजही आहे. त्यावरून मालकाला कुणी चिडवत नाही. उलट त्याच्याच दुकानात लोक निर्धास्त पाय घालतात.

मी त्या खोलीत कशी पोचले, तेही सांगते. मी पत्रकं लिहीत वाढले. आमच्या घरी जयंतीचं पत्रक, मोर्चाचं पत्रक, पाण्याच्या टाकीचं पत्रक, फौंड्रीतनं कामावरनं काढलेल्यांचं पत्रक हे भाकरीच्या पिठासारखं कायम मळलेलं असायचं. आजोबांनी धम्म घेतला, वडिलांनी युनियन घेतली, मी पेन घेतलं. एकदा छापखान्यात माझं पत्रक काउंटरवर वाळत पडलेलं. जाड आवाजाच्या एका बाईनं ते उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं.

‘शिव्या चांगल्या हायत,’ त्या म्हणाल्या. ‘ठसक्यातल्या हायत. पण लोकांनी यायचं कुठं?’

‘मोर्चाला.’

‘त्यो कुठनं निघतोय?’

मी पत्रक हातात घेतलं. जागा नव्हती. वेळ नव्हती. शासन होतं, भांडवलदार होते, बधिर प्रशासन होतं, पण चौकाचं नाव नव्हतं. अक्कांनी माझ्याकडं बघून छापणाऱ्याला सांगितलं, ‘मशिन थांबव रे. हिला एक ओळ घालायची हाय.’ आणि मला म्हणाल्या, ‘माणसाला राग आणून मोकळं सोडू नये पोरी. त्याला काम द्यावं.’

जाहिरात म्हणजे खोटं बोलायची मजुरी, असं माझं ठाम मत होतं. पुढं त्यांनी मला खोलीवर कामाला बोलावलं, तेव्हा ते मी त्यांना पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं. त्यांनी भुईमुगाची शेंग फोडली, दाणे माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, ‘सोयरीक जमवताना आपण पोराचं सांगतोच की. उंच हाय, कामाला हाय, जरा तापट हाय. ती जाहिरातच. बुटक्याला उंच म्हटलास तर मांडवात दिसतंयच. मग तुझ्या हातानं दुसरी सोयरीक कोण जमवंल?’ माझं मत बदललं नाही. पण पोट होतं आणि पत्रकं ते भरत नव्हती. मी त्यांच्याबरोबर लिहायला लागले.

माल हातात घेतल्याशिवाय त्या लिहीत नसत. गूळ असला तर आधी वास, मग तुकडा जिभेवर, मग गुऱ्हाळावर जाऊन कढईशेजारी उभं राहणं. क्लासची जाहिरात असली तर मागच्या बाकावर बसून अख्खा तास ऐकायच्या. दवाखान्याची असली तर ओपीडीत नंबर लावायच्या आणि डॉक्टरपुढं गेल्यावर ‘मला काय झालं न्हाय, तुमची जाहिरात हाय’ म्हणायच्या. हे मी मुद्दाम नोंदवते. कारण ज्या एका वेळी त्यांनी हे नीट केलं नाही, त्या वेळेची ही गोष्ट आहे.

मध्ये कामं आटली. मोबाईलला सांगितलं की मोबाईलच मॅटर लिहून देतो, हे गिऱ्हाइकांना कळलं. गूळवाला येऊन स्क्रीन दाखवून गेला. ‘बघा मॅडम, फुकट. आणि खाडाखोड न्हाय.’ अक्कांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाल्या, ‘झकास हाय. ह्याला आता तुमच्या पायरीवर उभा करा.’ गूळवाला हसला आणि गेला, तो गेलाच. महिन्यामागून महिने जिन्यावर पीठच चढायचं, माणूस नाही. अक्का दुपारी टेबलाशी बसून जुनी हँडबिलं सरळ करत राहायच्या. मला तो सरसर आवाज सहन व्हायचा नाही.

अशातच कुणीतरी चपलेवाल्यासारखंच एका बेकरीवाल्याचं वाचन मोबाईलवर टिपलं. बेकरीवाला ‘शुद्ध तुपातली’ म्हणताना अडखळतो, अक्का समोरून ओरडतात, तो डोक्याला हात लावून ‘डालडा, डालडा’ म्हणतो. सगळ्या कोल्हापुरात तो व्हिडिओ फिरला. माणसं पुन्हा जिना चढायला लागली. पण आता ती मॅटर मागत नव्हती. ती पायरी मागत होती. ‘आमचं पण तसं वाचन करा मॅडम. व्हिडिओवाला आम्ही आणतो.’

मी म्हटलं, ‘अक्का, हे लोक परीक्षा द्यायला न्हाय, सर्टिफिकेट न्यायला यायलेत.’

‘वाचत्यात न्हवं मोठ्यानं? मग झालं.’

त्या खूश होत्या. इतकी वर्षं ‘दोन वळी’ ऐकलेली बाई. रस्त्यात माणसं ओळखायला लागली होती. त्यांना तेवढं सुख मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. ते सुख कुणी वापरलं, याबद्दल आहे.

बिल्डर आला तो पांढऱ्या गाडीतनं, पांढऱ्या कपड्यात. पंचगंगेच्या अंगाला, शहराबाहेर प्लॉट पाडले होते. भराव टाकून जमीन उचलली आहे, पाणी येण्याचा प्रश्नच नाही, असं त्याचं म्हणणं. छोटे प्लॉट, छोट्या माणसांसाठी. अक्कांना त्यानं गाडीत घालून जागेवर नेलं, मे महिन्यात. तिथं भरावावर मंडप होता, लिंबू सरबत होतं. अक्का आल्या आणि लगेच लिहायला बसल्या.

मला कबूल करावं लागतं, ते त्यांचं सगळ्यात चांगलं लिखाण होतं. शिरोळची बाई. लहानपणी कृष्णेचं पाणी दारात आलेलं, आई कंदील घेऊन पायऱ्या मोजायला उठलेली, ते सगळं त्यात उतरलं.

‘पावसाळ्यात झोपेतून उठून, टॉर्च घेऊन, पाणी कुठवर आलं ते बघायला जाता? इथं जावं लागणार नाही. पोरांची दप्तरं माळ्यावर टाकावी लागणार नाहीत. इथं पाऊस फक्त पत्र्यावर वाजेल. पोरांना झोपू द्या. तुम्हीही झोपा.’

बिल्डरनं गिरणीच्या पायरीवर उभं राहून वाचलं. गिरणी चालू होती, कॅमेरा चालू होता. एक अक्षर पडलं नाही. ‘पोरांना झोपू द्या’ म्हणताना तर असा थांबला की दळण घेऊन आलेल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला. अक्का रस्त्यापलीकडं कानामागं हात धरून उभ्या होत्या. त्यांनी हात खाली घेतला आणि मान हलवली. पास.

वर आल्यावर मी म्हटलं, ‘पूररेषेचा नकाशा मागा अक्का.’

‘मी तहसीलदार न्हाय.’

‘मग परत जागेवर जाऊ. आपण दोघीच. मंडप नसताना.’

‘आवाज ऐकलास न्हवं? माझ्या अख्ख्या आयुष्यात असं स्वच्छ कुणी वाचलं न्हाय.’

‘तेच म्हणतीया मी. ज्याला लाज हाय त्याचा आवाज पडतो. ह्याचा कशाला पडंल?’

‘तुला समदी चोरच दिसत्यात.’

‘दिसत्यात. कारण हायत.’

त्या चिडल्या. सूर्य अजून वर होता तरी डबा उघडून जेवायला बसल्या, म्हणजे बोलणं बंद. त्या ब्रोशरला मी हात लावला नाही. दुसरी कामं करत राहिले. ब्रोशर छापून आलं तेव्हा मजकुराच्या वर गोल शिक्का होता : ‘पायरीवर वाचलेली जाहिरात’. तो शिक्का अक्कांना विचारून टाकला नव्हता. अक्कांनी चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाल्या, ‘असू दे. खरंच हाय न्हवं ते.’

पुढं त्या बिल्डरच्या ड्रायव्हरनं मला सांगितलं, साहेब आठवडाभर गाडीत काचा वर करून तेच म्हणत होते. कुठं थांबायचं, तेही ठरवलेलं.

प्लॉट गेले. काहींनी घाईनं घरं बांधली, एकमजली, पत्र्याची. दोन पावसाळे बरे गेले. नंतरच्या पावसाळ्यात धरणांची दारं उघडली, बंधाऱ्यावरच्या पाण्यानं धोक्याची खूण ओलांडली, आणि भराव तसाच्या तसा पाण्याखाली गेला. भरावाच्या कडेला एक जुनी बाभूळ आहे. पाणी उतरल्यावर मी तिच्याजवळ गेले. बुंध्यावर चिखलाच्या रेघा होत्या, एकावर एक. ताजी ओली होती. तिच्याखालच्या वाळून पांढऱ्या पडलेल्या, वर्षानुवर्षांच्या. भराव पडायच्या आधीपासूनच्या, आणि भरावाहून उंच. झाडाच्या रेघेवरून पाणी कुठवर येतं ते सांगणं शिरोळच्या शेंबड्या पोरालाही जमतं. अक्का त्या बाभळीपासून हाकेच्या अंतरावर सरबत प्यायल्या होत्या. त्यांनी झाड बघितलं नाही. ही चूक करायला माणसाचा माणसाच्या आवाजावर विश्वास असावा लागतो. आमच्या गावात आता असा विश्वास असणारं कुणी उरलं असेल असं मला वाटत नाही.

तरीही मी सांगते, आणि कुणाही समोर सांगेन : दोष त्यांचा नाही. नकाशा ज्याच्या कपाटात होता त्याचा आहे, आणि नकाशा बघून सही करणाऱ्याचा आहे. त्या दोघांपैकी एकालाही झोप लागायची थांबलेली नाही. अक्कांनी मात्र त्याच आठवड्यात पाटी उतरवली. मी भांडले. ‘तुम्ही बंद करून त्याचं काय वाकडं होणार हाय?’ त्यांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली, भिंतीकडं तोंड करून ठेवली.

आम्ही प्लॉटवाल्यांची समिती केली. मागणी एकच : पाण्याबाहेर पर्यायी जागा. पहिलं पत्रक मी लिहिलं आणि अक्कांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा न लावताच विचारलं, ‘यायचं कुठं, ते लिव्हलंयस?’ लिहिलं होतं. बिल्डरच्या ऑफिससमोर, सोमवारी, अकराला. ‘मग मीबी येतो,’ त्या म्हणाल्या.

आता अक्का शिरोळला भावाकडं असतात. समितीनं ग्राहक मंचात केलेल्या तक्रारीच्या तारखेला एसटीनं येतात, मंचात मागच्या बाकावर बसतात, तारीख पुढं गेली की परत जातात. पर्यायी जागा मिळालेली नाही. बिल्डरचं नवं ब्रोशर आलंय, दुसऱ्या गावचं, मुंबईच्या एजन्सीकडून. गिरणीवरची खोली मी चालवते. पायरीवर मी कुणाला उभं करत नाही. कागद मागते, जागेवर जाते, झाडं बघते. गिऱ्हाईक कमी आहे.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

बिल्डरच्या ऑफिसला काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या आहेत आणि काचेचं दार. आमची माणसं रस्त्यापलीकडं उभी होती, कारण पोलिसांनी तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. कपड्यांना अजून पुराचा वास येत होता. मी माईक घेऊन घोषणा देणार, तेवढ्यात अक्का एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या आणि पायरीवर चढल्या. पोलिसाला म्हणाल्या, ‘पावणं, जाहिरात वाचायची हाय. माझीच हाय.’ तो बाजूला झाला.

अक्कांना पायरीवर मी पहिल्यांदाच बघत होते. एवढी वर्षं त्या कायम समोरच्या बाजूला.

त्यांनी ब्रोशर उघडलं. आधी म्हणाल्या, ‘हे मी लिव्हलंय. ह्यानं न्हाय.’ मग वाचायला लागल्या. जाड आवाज, रस्ताभर. ‘पावसाळ्यात झोपेतून उठून, टॉर्च घेऊन...’ रिक्षा थांबल्या. काचेच्या दारामागं माणसं गोळा झाली. ‘पोरांची दप्तरं माळ्यावर टाकावी लागणार नाहीत.’ ‘इथं पाऊस फक्त पत्र्यावर...’

आणि आवाज पडला. ओठ हलत होते, आमच्यापर्यंत काही येत नव्हतं. मग ओठही थांबले. बाई कागद धरून नुसतीच उभी.

कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी कबनूरची एक मावशी उभी होती. यंत्रमागावर कांड्या भरणारी, ओढ्याकाठच्या भाड्याच्या खोलीत पावसाळे काढलेली, त्या भरावावर स्वतःचं पहिलं घर बांधलेली. तिनं कागद बघितला नाही, तिच्याकडं कागद नव्हताच. कारखान्यातल्या बायकांच्या व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ तिनं इतक्यांदा ऐकला होता की तो तिला पाठ होता. ती रस्त्यापलीकडं बघून, मागावर बोलायची सवय असलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

‘इथं पाऊस फक्त पत्र्यावर वाजेल. पोरांना झोपू द्या. तुम्हीही झोपा.’

एकही शब्द चुकला नाही. एकाही शब्दाला आवाज पडला नाही. मग जरा थांबून, तक्रार नसलेल्या सुरात, जसं एखादीच्या हातच्या आमटीचं कौतुक करावं तशी ती अक्कांना म्हणाली, ‘लय चांगलं लिव्हलंसा बाई. म्हणून तर घेतला आम्ही.’

अक्का पायरीवरून उतरल्या. गाड्या चुकवत रस्ता ओलांडून आल्या, मावशीच्या शेजारी उभ्या राहिल्या, वळल्या आणि कानामागं हात धरला. समोर काचेचं दार होतं. आतून कुणीतरी पडदा ओढून घेतला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.